विलायतेतली विहिरींची गावं

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत मागच्या महिन्यात इंग्लंडमधल्या ऐतिहासिक गावांवर पानभर मजकूर आला होता. बायबरी, कॅसल कूम, लॅकॉक. फोटो देखणे होते, माहितीतही खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पण आमच्या गल्लीतल्या दोन कुटुंबांनी ते पान कापून ठेवलंय आणि येत्या सुट्टीत त्याच यादीप्रमाणे फिरायचं म्हणतायत. त्यांना जे ओट्यावर बसून सांगितलं, ते आपल्या वाचकांनाही सांगावं असं मनापासून वाटलं, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, काटछाट आपण करालच.

ती यादी मी एकदा पुरी करून आलोय. २०१८ साली एका सहल कंपनीबरोबर बारा दिवसांत पाच देश केले. त्यात इंग्लंडला तीन दिवस आणि त्यातला अर्धा दिवस ‘कॉट्सवोल्ड्सची गावं’. बायबरीत आमची बस पंचवीस मिनिटं थांबली. दहा मिनिटं स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. उरलेल्या पंधरात आर्लिंग्टन रोसमोर उभं राहून सगळ्यांनी आळीपाळीने फोटो काढले. मधाच्या रंगाच्या दगडाची, उतरत्या छपरांची ती घरांची ओळ १३८० च्या सुमारास मठाची लोकर साठवायला बांधली होती. सतराव्या शतकात तिथे विणकरांची बिऱ्हाडं झाली. समोरच्या पाणथळ कुरणाला रॅक आयल म्हणतात, कारण धुतलेलं कापड तिथे लाकडी चौकटींवर ताणून वाळत घालायचे. हे सगळं मला घरी परतल्यावर वाचून कळलं. तिथे मी त्या कुरणाकडे पाठ करून उभा होतो.

एका घराच्या दारात एक आजी हातात झारी घेऊन उभ्या होत्या. आमच्यातले एक गृहस्थ नीट फोटो यावा म्हणून त्यांच्या कुंपणाच्या आत गेले. आजी काही बोलल्या नाहीत. झारी खाली ठेवली, आत गेल्या आणि कडी लावून घेतली. सहाशेच्या आसपास वस्तीचं गाव आहे ते, आणि उन्हाळाभर तिथे बसमागून बस येत असते. आपल्या एखाद्या वाडीत असं रोज घडलं तर वाडीतल्या माणसांनी काय करावं?

मी भूजल सर्वेक्षण खात्यात चौतीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक बीड आणि लातूर जिल्ह्यांत. जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर असं वर्षातून चारदा निरीक्षण विहिरींवर जायचं, फीत सोडायची, पातळी वहीत लिहायची. या कामाने एक सवय लागली. कुठल्याही गावात शिरलो की देऊळ कुठे, शाळा कुठे याआधी मी विचारतो, पाणी कुठलं पिता? बायबरीत ते विचारायला वेळच मिळाला नव्हता. २०२५ च्या उन्हाळ्यात लेकीकडे रेडिंगला तीन महिने राहायचा योग आला, तेव्हा मी आणि सौ.ने ठरवलं की या खेपेला यादी नाही. मोजकी गावं बघायची, तिथे चालायचं आणि जमेल तिथे रात्री मुक्काम करायचा. अशी तीन गावं झाली. आपल्या पानावर त्यांतलं एकही नव्हतं, आणि तिन्ही पाण्याशी जोडलेली निघाली.

पहिलं स्टोक रो. रेडिंगच्या उत्तरेला, लेकीच्या घरापासून मोटारीने अर्ध्या तासावर, चिल्टर्न टेकड्यांच्या माथ्यावर हे छोटं गाव आहे. रस्त्याच्या कडेला, झाडांच्या सावलीत एक घुमट दिसतो. लोखंडी खांबांवर उभा, आपल्याकडच्या छत्रीसारखा. त्याच्याखाली विहिरीचा रहाट आणि रहाटाच्या वर सोनेरी हत्ती. घुमटाखालच्या पट्टीवर इंग्रजीत लिहिलंय की ही विहीर हिंदुस्थानातल्या बनारसच्या महाराजांनी दिली. सौ.ने चपला बाहेर काढल्या आणि मगच पुढे झाली. आमच्याकडे विहिरीच्या काठावर पायताण घालून जात नाहीत.

आता ही विहीर तिथे कशी आली ते सांगतो. चिल्टर्नच्या टेकड्या खडूच्या दगडाच्या आहेत. शाळेत फळ्यावर लिहायच्या खडूसारखा मऊ, पांढरा दगड, शेकडो फूट जाडीचा. पाऊस भरपूर पडतो, पण पडला की त्या दगडातून खाली झिरपत जातो. माथ्यावर ओढा नाही, झरा नाही. हिरव्यागार झाडीत उभं असलेलं हे गाव एकेकाळी डबक्यांवर आणि मातीच्या खड्ड्यांत साठलेल्या पाण्यावर जगत होतं. उन्हाळा लांबला की तेही आटायचं. शेजारच्या इप्सडेन गावचे एडवर्ड अँडरडन रीड हे कंपनी सरकारच्या काळापासून उत्तर हिंदुस्थानात अधिकारी होते. १८३१ साली त्यांनी आझमगढच्या बाजूला लोकांसाठी एक विहीर खणवली होती. बनारसचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्यांचा स्नेह होता. बोलता बोलता त्यांनी आपल्या मुलुखातली एक गोष्ट महाराजांना सांगितली. स्टोक रोमध्ये एका पोराने घरातलं उरलेलं शेवटचं पाणी पिऊन टाकलं म्हणून आईने त्याला मारलं होतं. महाराजांच्या ते मनात राहिलं. पुढे इंग्लंडात काही दानधर्म करायचा विचार आला तेव्हा त्यांना ते गाव आठवलं.

ही गोष्ट तिथल्या फलकापाशी वाचून मी खाली बसलो. २०१६ चा एप्रिल. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी येत होतं तो उन्हाळा. केज तालुक्यातल्या एका वाडीवर विंधन विहिरीची जागा पाहायला गेलो होतो. टँकर येऊन गेला होता. सात-आठ वर्षांच्या एका मुलीच्या कमरेवरून कळशी निसटली, पाणी धुळीत गेलं, आणि तिच्या आईने तिला पाठीत असा धपाटा घातला की आम्ही सगळे गप्प झालो. मग ती बाई तिथेच फतकल मारून बसली आणि पोरीला कुशीत घेऊन रडली. आईचा हात पाण्यापायी पोरावर पडतो तो असा. बनारसच्या राजाला ते सांगताच कळलं, कारण हा प्रसंग त्याच्या मुलुखात त्याला परका नव्हता.

काम १८६३ साली सुरू झालं आणि २४ मे १८६४ रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, विहीर गावाला खुली झाली. खोली ३६८ फूट. आकडा नुसता वाचून काही वाटत नाही, म्हणून सांगतो, आपला कुतुबमिनार २३८ फूट आहे. तो उलटा करून या विहिरीत सोडला तर वर आणखी एकशेतीस फूट उरतील. आणि विहिरीचा व्यास? चार फूट. आमच्याकडे काळ्या पाषाणात विहीर पाडतात ती वीस-पंचवीस फूट व्यासाची, चाळीस-पन्नास फूट खोल, आणि त्यातही खाली सुरुंग लावावे लागतात. मी वडार समाजातल्या कारागिरांबरोबर अनेक विहिरींत उतरलोय. पन्नास फुटांवर हवा जड होते, वरून एवढासा खडा पडला तरी डोकं फुटतं. इथे चार फुटांच्या नळीत, यंत्राशिवाय, हाताने, एक माणूस साडेतीनशे फुटांखाली पहार चालवत होता. त्याला हात पूर्ण मागे घेऊन घाव घालायलाही जागा नसणार. मी त्या रहाटाच्या चाकाचे दाते हाताने चाचपून पाहिले. वॉलिंगफर्डच्या ओतकामाच्या कारखान्यात बनलेले, दीडशे वर्षांपूर्वीचे, अजून धारदार.

पण मला खरा मुजरा करावासा वाटला तो शेजारच्या बागेला. विहीर बांधून देणारे खूप असतात. माझ्या नोकरीत मी उद्घाटनाचे नारळ किती फुटताना पाहिले आणि तिसऱ्या वर्षी त्याच योजनेची मोटार जळून पडलेली किती वेळा पाहिली, त्याची गणती नाही. दुरुस्तीला पैसे नसतात, पाणीपट्टी कोणी भरत नाही, योजना मरते. स्टोक रोत रीड यांनी विहिरीला लागून चेरीची बाग लावली. बागेचं नाव महाराजांच्या नावावरून ‘ईश्री बाग’. चेरी विकून जे पैसे यायचे त्यांतून विहिरीची देखभाल व्हायची आणि गावाला पाणी फुकट मिळायचं. बागेत एक तळंही केलं, माशाच्या आकाराचं, कारण मासा हे बनारसच्या घराण्याचं चिन्ह. सत्तर वर्षांहून अधिक काळ गाव ते पाणी प्यालं. १९६४ मध्ये शताब्दीला प्रिन्स फिलिप स्वतः आले होते. विहिरीची राखण करणाऱ्या माणसासाठी बांधलेलं छोटं गोल घर अजून तिथेच आहे. पाणीपुरवठ्याचं काम करणाऱ्या प्रत्येकाने ही बाग एकदा पाहावी. आम्ही अर्धा दिवस तिथे होतो आणि त्या वेळात एकही बस आली नाही.

दुसरं गाव टिसिंग्टन, डर्बीशर परगण्यात. ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा सण येतो. त्या दिवशी या गावात विहिरी सजवतात. ‘वेल ड्रेसिंग’ म्हणतात. २०२५ मध्ये तो २९ मेला होता आणि नेमकी नातीच्या शाळेला आठवड्याची सुट्टी होती, म्हणून लेक, जावई, नात असे सगळेच गेलो.

सजवणं म्हणजे नुसते हार घालणं नाही. मोठ्या लाकडी पाट्या आधी पाण्यात भिजवून ठेवतात, म्हणजे लाकूड चिखलातला ओलावा शोषून घेत नाही. मग त्यात मळलेली चिकणमाती थापतात. कागदावरचं चित्र मातीवर ठेवून टोचून टोचून रेषा उमटवतात. आणि मग फुलांच्या पाकळ्या, पानं, शेवाळ, बिया, सालीचे तुकडे असं एकेक मातीत दाबत चित्र भरत जातात. पाकळ्या खालून वर लावत नेतात, एकावर एक, छपराच्या कौलांसारख्या, म्हणजे पाऊस आला तरी पाणी वरून ओघळून जातं. हे मला तिथल्या एका काकूंनी बोटाने दाखवलं. नखांत माती गेलेली, डोळे जागरणाने लाल. रात्र रात्र बसून करतात, कारण आधी केलं तर पाकळ्या कोमेजतात. पाटी जेमतेम आठवडाभर टिकते. सौ.ला आमच्याकडच्या दिवाळीच्या रांगोळीची आठवण झाली. तिने काकूंना फोनमधले आमच्या अंगणाचे फोटो दाखवले आणि दोघी बराच वेळ बोलत बसल्या. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला इंग्रजी जेमतेम.

गावात अशा सहा जागा आहेत. हॉल वेल, हँड्स वेल, कॉफिन वेल, टाउन वेल, यू ट्री वेल आणि मुलांनी सजवायची चिल्ड्रन्स वेल. चर्चमध्ये प्रार्थना होते आणि मग पाद्री आणि गाव मिळून एकेका विहिरीपाशी जाऊन तिला आशीर्वाद देतात. ही चाल कधी पडली याच्या दोन कथा गावात सांगतात. एक म्हणते, चौदाव्या शतकात काळ्या मरीने आजूबाजूला माणसं पटापट गेली तेव्हा इथल्या शुद्ध पाण्याने गाव वाचलं. दुसरी म्हणते, १६१५ च्या दुष्काळात सगळीकडचं पाणी आटलं आणि इथल्या विहिरी आटल्या नाहीत. मी भूवैज्ञानिक म्हणून दुसऱ्या कथेकडे झुकतो. चुनखडीच्या त्या पठारावर कुठे पाणी मुरतं आणि कुठे वर येतं हे पाहिलं की तसं वाटतं. आमच्याकडे नव्या विहिरीला पाणी लागलं की नारळ फोडतात, खणानारळाने ओटी भरतात. पण बोअर आल्यापासून ती चालही मागे पडत चाललीय. सहा इंचांच्या केसिंग पाइपची ओटी कशी भरायची, असं सौ. म्हणाली.

गावाच्या कडेने जुन्या रेल्वेमार्गाची पायवाट जाते, टिसिंग्टन ट्रेल. रूळ काढले, तिथे चालायला आणि सायकलला वाट केली. ॲशबोर्नपासून तेरा मैल. नातीने आणि जावयाने सायकली भाड्याने घेतल्या. आम्ही दोघं दोन मैल चालून परत फिरलो.

तिसरं गाव ईम. स्पेलिंग पाहून लोक ‘एयाम’ वाचतात, पण गावकरी ईमच म्हणतात. टिसिंग्टनहून तासाभरावर. इथे आम्ही दोन रात्री राहिलो आणि माझं म्हणणं असं की एका गावासाठी इंग्लंडला जायचं असेल तर या गावासाठी जावं.

इथेही माझी नजर आधी पाण्यावर गेली. रस्त्याच्या कडेला जागोजागी दगडी डोण्या आहेत. १५८८ साली डोंगराच्या झऱ्याचं पाणी नळाने आणून त्यांत सोडलं होतं. इंग्लंडातल्या पहिल्या काही सार्वजनिक पाणीपुरवठ्यांपैकी हा एक. शिवाजी महाराजांच्या जन्माआधी बेचाळीस वर्षं! त्या डोण्यांपाशी मी बराच वेळ घालवला, नात कंटाळून पुढे गेली आणि चर्चशेजारच्या घरांपाशी जाऊन थांबली.

त्या घरांना ‘प्लेग कॉटेज’ म्हणतात. १६६५ च्या उन्हाळ्याअखेर लंडनहून इथल्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला. लंडनमध्ये तेव्हा प्लेग चालू होता. कापड ओलं होतं म्हणून ते विस्तवापुढे वाळत घातलं आणि त्यातल्या पिसवा घरात पसरल्या, असं गावात सांगतात. शिंप्याकडे कामाला असलेला जॉर्ज व्हिकर्स ७ सप्टेंबर १६६५ रोजी गेला. घरापुढच्या पाटीवर पुढची नावं आहेत. घरमालकीण मेरीचा मुलगा एडवर्ड, वय ४, २२ सप्टेंबर. दुसरा मुलगा जोनाथन, वय १२, २ ऑक्टोबर. पुढच्या ऑगस्टमध्ये नवरा अलेक्झांडर. मेरी एकटी उरली. माझी नात नऊ वर्षांची आहे. तिने ती पाटी मोठ्याने वाचायला सुरुवात केली, ‘जोनाथन’पाशी आवाज हळू झाला आणि मग तिने आईचा हात धरला. त्या घरात आजही माणसं राहतात. खिडकीत जिरॅनियमच्या कुंड्या होत्या.

१६६६ च्या जूनमध्ये गावाने ठरवलं की आता कोणी बाहेर जायचं नाही. हे ठरवायला पुढे झाले तरुण धर्मगुरू विल्यम माँपेसन. गावात ते नवे होते आणि लोकांचा त्यांच्यावर पुरता विश्वास बसला नव्हता. आधीचे धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली यांना सरकारी प्रार्थनाग्रंथ मान्य न केल्याबद्दल पदावरून काढलं होतं, पण गाव त्यांना मानत होतं. दोघांचं एकमेकांशी पटण्याचं काही कारण नव्हतं. तरी ते दोघं एकत्र आले आणि तीन गोष्टी ठरल्या. आपलं माणूस गेलं तर ज्याने त्याने घराजवळच पुरायचं. प्रार्थना चर्चमध्ये न करता मोकळ्यावर, घळीत करायची. आणि शिवेबाहेर पाऊल टाकायचं नाही. चॅट्सवर्थच्या अर्ल ऑफ डेव्हनशरनी अन्नधान्याची सोय केली. शिवेवर सामान ठेवलं जायचं आणि गावकरी पैसे ठेवायचे. हे पैसे ठेवायची एक जागा म्हणजे गावावरच्या उतारावरचा झरा, आज तो ‘माँपेसनची विहीर’ म्हणून ओळखला जातो. दुसरी जागा स्टोनी मिडल्टनच्या वाटेवरचा सीमेचा दगड. दगडावर खळगे पाडलेत. त्यांत व्हिनेगर ओतून नाणी टाकायची, म्हणजे रोग पलीकडे जाणार नाही असा त्यांचा समज. आम्ही कुरणातून चालत त्या दगडापर्यंत गेलो. खळग्यांच्या कडा बोटांनी गुळगुळीत झाल्यात. नातीने प्रत्येकात बोट घालून पाहिलं. आता येणारे-जाणारे त्यात नाणी ठेवतात. तिनेही तिच्या खाऊच्या पैशांतली वीस पेन्स ठेवली.

गावाच्या वरच्या अंगाला शेतात दगडी भिंतीचं एक वर्तुळ आहे, राइली ग्रेव्ह्ज. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने १६६६ च्या ऑगस्टमध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं तिथे स्वतःच्या हातांनी पुरली. मदतीला कोणी येऊ शकत नव्हतं. माँपेसन यांनी आपली दोन मुलं आधीच दूर पाठवली होती. पत्नी कॅथरिन मात्र नवऱ्याजवळ राहिली आणि २५ ऑगस्टला गेली. तिची कबर चर्चच्या आवारात, जुन्या सॅक्सन क्रुसाजवळ आहे. नोव्हेंबरमध्ये साथ थांबली तोवर चौदा महिन्यांत २६० माणसं गेल्याचं गाव मानतं. रोग आसपासच्या गावांत गेला नाही.

मार्च २०२० मध्ये मी गावी होतो. आमच्या पोरांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या आणि पाळीने पहारा बसवला. बाहेरच्यांनी आत येऊ नये म्हणून. पुण्या-मुंबईहून आलेली आमचीच माणसं शाळेच्या खोल्यांत ठेवली. त्या वेळी ते बरोबरच वाटत होतं, आजही मी त्यांना दोष देत नाही. ईमच्या शिवेवर उभं राहिलो तेव्हा ध्यानात आलं की इथे काटे उलट्या बाजूने लावले होते. आपण वाचावं म्हणून नाही, शेजारचं गाव वाचावं म्हणून. आणि आपल्याला हे समजायला परदेशी जायची गरज आहे असंही नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरात घुसून तपासण्या केल्या ती जुलमाची आठवण आपण ठेवतो, आणि त्याच साथीत सावित्रीबाई फुले आजाऱ्यांची सेवा करता करता १० मार्चला गेल्या. कॅथरिनच्या कबरीपाशी सौ. म्हणाली, ‘सावित्रीबाईंसारखीच की ही.’ आम्ही दोघं तिथे बाकावर बसलो, उजेड जाईपर्यंत. त्या दिवसांत रात्री साडेनऊलासुद्धा तिथे अंधार पडत नाही.

हे सगळं पंचवीस मिनिटांत होण्यासारखं नाही. म्हणून मुक्कामाचा आग्रह. आम्ही एका घरगुती ठिकाणी उतरलो, खोली आणि सकाळची न्याहारी. शाकाहारी माणसाचे हाल होतात हा समज सोडा. अंडं चालत नसेल तर आधी सांगायचं, भाजलेले टोमॅटो, अळंबी, बीन्स, पाव सगळीकडे मिळतं. दुपारी पबमध्ये सालासकट भाजलेला मोठा बटाटा चीज घालून देतात, त्यावर सौ. शेंगदाण्याची चटणी टाकायची. दशम्या लेकीकडून करून नेल्याच होत्या. मोटार नसेल तर शेफील्डहून ईमला बस जाते. आम्ही होतो तेव्हा बसचं एका फेरीचं तिकीट तीन पौंडांच्या वर नव्हतं.

एक गोष्ट राहिली आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. तिथल्या पायवाटा. हिरवी किंवा लाकडी पाटी, त्यावर ‘पब्लिक फुटपाथ’, आणि वाट थेट कुणाच्या तरी उभ्या गव्हातून जाते. शेतकरी तेवढी पट्टी मोकळी सोडतो. फाटकातून आत जायचं, फाटक लावायचं आणि चालायचं. कोणी हटकत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा वाटा सुमारे १ लाख ४० हजार मैल आहेत. १९४९ च्या कायद्याने त्या नकाशावर आल्या आणि नकाशावर आलेली वाट सहजासहजी मिटवता येत नाही. आपल्याकडे पाणंद होतीच की. माझ्या लहानपणी आमच्या गावाला सात पाणंदी होत्या. आज बैलगाडी जाईल अशी एक उरलीय, बाकी बांध सरकवत सरकवत शेतांनी गिळल्या. मोजणीच्या नकाशावर त्या अजून आहेत. ईमच्या कुरणातून चालताना मला त्या सातही वाटांची नावं आठवत होती, आणि सौ.ला मी ती एकेक सांगत होतो.

वाचकांनी जाण्याआधी एवढं पाहून घ्यावं: टिसिंग्टनचा सण ईस्टरप्रमाणे दरवर्षी सरकतो, तेव्हा तारीख बघून तिकीट काढावं, आणि तिथे त्या आठवड्यात गर्दी असते. ईमला ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ‘प्लेग संडे’ पाळतात, त्याच घळीत उघड्यावर प्रार्थना होते. स्टोक रोची विहीर रस्त्यालगतच आहे, तिथे अर्धा दिवस पुरतो.

आणि बायबरीला जायचंच असेल, जावं, गाव सुंदर आहे, तर संध्याकाळी बसगाड्या गेल्यावर जावं. रॅक आयलच्या कडेने चालावं. कोलन नदीचं पाणी इतकं नितळ आहे की ट्राउट मासे प्रवाहात तोंड करून थांबलेले वरून दिसतात. आणि घरांचे फोटो कुंपणाच्या बाहेरून काढावेत.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त भूवैज्ञानिक,
अंबाजोगाई (जि. बीड)